खाली आलेला डावा हात

१३ आणि १४ सप्टेंबर २०२५ या दोन दिवसांत मुष्टियुद्धाच्या जगात तीन शहरांमध्ये महत्त्वाचे निकाल लागले. लास व्हेगासमध्ये ७० हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या साक्षीने ३७ वर्षांच्या टेरेन्स क्रॉफर्डने दोन वजनी गट वर चढून साऊल ‘कनेलो’ अल्वारेझला बारा फेऱ्यांच्या अखेरीस गुणांवर पराभूत केले. जपानमधील नागोया येथे नाओया इनोउएने उझबेकिस्तानच्या मुरोदजोन अख्मदालिएवला असेच गुणांवर नमवले. आणि लिव्हरपूलच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या जास्मिन लाम्बोरिया व मीनाक्षी हुडा यांनी सुवर्णपदके पटकावली. यांपैकी एकही लढत एका ठोशात निकाली निघाली नाही. मुष्टियुद्ध म्हणजे नॉकआउट एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांना या लढती कदाचित रटाळही वाटल्या असतील. पण ज्याला या खेळाचा पाया म्हणतात, तो पाया म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले दोन दिवस अलीकडच्या काळात सापडणार नाहीत.

त्यातही इनोउएचा विजय अधिक बोलका. या बुटक्या जपानी योद्ध्याला त्याचे चाहते ‘मॉन्स्टर’ म्हणतात, कारण समोरच्याला झोपवणे हा त्याचा नित्याचा उद्योग. परंतु मे २०२४ मध्ये टोकियो डोममध्ये मेक्सिकोच्या लुईस नेरीने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले. कारकीर्दीत असे प्रथमच घडले होते. वर्षभराने लास व्हेगासमध्ये रमोन कार्देनासने दुसऱ्या फेरीत तेच केले. दोन्ही वेळा ठोसा एकच, डावा हूक. आणि दोन्ही वेळा इनोउए स्वतः ठोसा मारण्याच्या भरात होता. तो उठला, दोन्ही लढती त्याने नॉकआउटनेच जिंकल्या. पण नागोयात तो निराळाच माणूस होऊन उतरला. जॅब मारायचा, अर्धे पाऊल मागे सरायचे, कोन बदलायचा आणि पुन्हा जॅब मारायचा. बारा फेऱ्या हाच परिपाठ. टाळ्यांची हाव त्याने आवरली आणि पाठशाळेतल्या पहिल्या धड्याकडे तो परतला.

हा पहिला धडा दिसायला फार साधा असतो. खांद्याएवढे अंतर ठेवून एक पाय पुढे, एक मागे. मागची टाच किंचित उचललेली. हनुवटी छातीकडे झुकलेली. दोन्ही मुठी गालांपाशी. चालताना पाय एकमेकांना ओलांडत नाहीत, कारण ज्या क्षणी पाय ओलांडले जातात त्या क्षणी माणूस एका काठीवर उभा असतो. ठोशाची ताकद दंडातून येते हा आपला सार्वत्रिक गैरसमज आहे. ती जमिनीतून येते. मागच्या पायाच्या चवड्यातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि तेथून मुठीत. हात हा केवळ शेवटचा टप्पा. तालमीत वस्ताद पोरांना आधी पवित्रा शिकवतात आणि डाव नंतर, त्याचे कारणही हेच.

मात्र खरी परीक्षा ठोसा मारताना होत नाही, मारून झाल्यावर होते. मूठ ज्या रेषेने गेली त्याच रेषेने गालापाशी परत आली का? वजन दोन्ही पायांवर परतले का? हनुवटी अजून झाकलेली आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे थकलेल्या अवस्थेतही होकारार्थी असतात, तो तंत्रशुद्ध. बाकी सारे शोभेचे.

याचा सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत महागडा दाखला १९३६ सालचा आहे. जो लुई तेव्हा २२ वर्षांचा होता, अपराजित होता आणि हेवीवेट गटाचा भावी जगज्जेता म्हणून अवघी अमेरिका त्याच्याकडे पाहत होती. त्याचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न स्वतः जुन्या काळातला उत्तम लाइटवेट. त्याने या पोराला घडवले होते ते छोट्या, सरपटत्या पावलांवर आणि आखूड, सरळ ठोशांवर. एकही हालचाल वाया जायची नाही. आजही तंत्रशुद्ध हेवीवेट कसा असावा, असे विचारल्यास जाणकार पहिले नाव लुईचे घेतात. जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग तीस वर्षांचा, माजी जगज्जेता, आणि बहुतेकांच्या लेखी संपलेला. पण डिसेंबर १९३५ मध्ये लुईची एक लढत त्याने रिंगणाजवळ बसून पाहिली होती, त्याच्या लढतींच्या फिती पुनःपुन्हा चालवल्या होत्या. आपल्याला काहीतरी दिसले आहे, एवढेच त्याने पत्रकारांना सांगितले. काय दिसले ते सांगण्यास नकार दिला.

त्याला दिसले होते ते एवढेच की, जॅब मारून झाल्यावर लुईचा डावा हात सरळ परत येत नाही, किंचित खाली येतो. त्या निमिषार्धात त्याच्या जबड्याची डावी बाजू उघडी पडते. १९ जून १९३६ रोजी यँकी स्टेडियममध्ये श्मेलिंगने रात्रभर तेवढ्या एका फटीची वाट पाहिली. डावा हात खाली आला की वरून उजवा ठोसा. चौथ्या फेरीत लुई खाली पडला, बाराव्या फेरीत तो उठलाच नाही. सर्वोत्तम पाया असलेल्या मुष्टियोद्ध्याच्या पायातली एक वीट सैल होती, आणि ती हेरायला एकच माणूस पुरेसा ठरला.

पुढची दोन वर्षे लुई आणि ब्लॅकबर्न यांनी काय केले हे २२ जून १९३८ रोजी त्याच मैदानावर दिसले. मधल्या काळात लुई जगज्जेता झाला होता आणि नाझी जर्मनीच्या सावलीमुळे या लढतीला खेळापलीकडचे स्वरूप आले होते. ती १२४ सेकंदांत संपली. इतिहासाची पुस्तके त्या रात्रीचे राजकारण सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु डावा हात या वेळी जागेवर परतत होता, हा तपशीलही तितकाच ऐतिहासिक मानायला हरकत नाही. १९४९ मध्ये लुई निवृत्त झाला तेव्हा त्याने २५ वेळा अजिंक्यपद राखले होते.

आता कोणी विचारील, मग फ्लॉइड मेवेदरचे काय? त्याचा डावा हात तर सदैव कमरेपाशी! ५० लढती, ५० विजय आणि डावा हात खाली. येथेच तंत्रशुद्धता आणि पुस्तकी चित्र यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. मेवेदरचा हात चुकून खाली आलेला नसे, तो ठेवलेला असे. त्याच्या जागी पुढचा खांदा हनुवटीला झाकत असे, उजवा हात गालापाशी पहारा देत असे आणि मागचा पाय अशा कोनात असे की, ठोसा खांद्यावरून घसरला की उलट उत्तर आपोआप निघावे. वडील आणि काका दोघेही मुष्टियोद्धे. त्या घरात ही रचना लहानपणापासून घोटली गेली होती. सुनील गावसकरांचा बचाव आणि गुंडाप्पा विश्वनाथांचे मनगट यांत शैलीचा फरक होता. डोके स्थिर आणि तोल सावरलेला असणे यात नव्हता. मेवेदर आणि लुई यांच्यातला फरकही तसाच. अडचण अशी की, नवशिक्या पोरांना मेवेदरचा खाली ठेवलेला हात दिसतो, वर उचललेला खांदा दिसत नाही.

खाली हात ठेवूनही वाचायचे तर दुसरा मार्ग अचाट वेगाचा. मुहम्मद अलीने तो निवडला. ठोसा आला की डोके सरळ मागे न्यायचे नाही, हा प्राथमिक नियम. अली तो बिनदिक्कत मोडत असे, कारण १९६७ पर्यंतच्या अलीला कोणाची मूठ पोहोचतच नसे. साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर तो परतला तेव्हा वेग थोडा उणावला होता, सवय मात्र तीच होती. ८ मार्च १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत जो फ्रेझरचा डावा हूक त्याला कोठे सापडला, हे त्या चित्रफितीत आजही पाहता येते. पुढची दहा वर्षे अली जिंकला तो बऱ्याच अंशी धैर्यावर आणि मार खाण्याच्या क्षमतेवर. त्याच्या उत्तरायुष्यातील पार्किन्सनच्या आजाराचे एकच कारण सांगणे वैद्यकशास्त्राला धरून होणार नाही. पण डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मुष्टियोद्ध्यांचा मेंदू कसा खंगतो, याचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात १९२८ सालीच झाले होते. तंत्राची चर्चा ही सौंदर्यशास्त्राची चर्चा नव्हे, ती या कारणाने.

रॉय जोन्स आणि बर्नार्ड हॉपकिन्स यांची कथा याहून सरळ आहे. २२ मे १९९३ रोजी दोघे मिडलवेट गटाच्या रिक्त अजिंक्यपदासाठी भिडले आणि जोन्स सहज जिंकला. हात खाली, पाठीमागे बांधलेले, कोंबड्यासारखा झेप घेऊन मारलेला हूक. त्याच्याजवळ सारे काही होते आणि त्यातले काहीही शिकवता येण्यासारखे नव्हते. मार्च २००३ मध्ये त्याने हेवीवेटचे एक अजिंक्यपदही मिळवले. मे २००४ मध्ये, ३५ व्या वर्षी, अँटोनियो टार्वरने त्याला दुसऱ्या फेरीत आडवा केला आणि चार महिन्यांनी ग्लेन जॉन्सनने नवव्या फेरीत. प्रतिक्षिप्त क्रिया एका श्वासाने मंदावल्या आणि खाली दुसरा मजलाच नव्हता. हॉपकिन्सकडे जोन्सच्या निम्माही वेग नव्हता. त्याच्याकडे अंतर होते, हनुवटीची काळजी होती, आणि लबाडीही होती, हे कबूल करायला हवे. मे २०११ मध्ये ४६ व्या वर्षी तो जगज्जेता झाला, २०१४ मध्ये ४९ व्या वर्षी आणखी एक अजिंक्यपद त्याने जिंकले. ५१ व्या वर्षी शेवटच्या लढतीत त्याला दोरांबाहेर फेकले गेले, तेव्हा पायालाही वयाची मर्यादा असते एवढे सिद्ध झाले. पण दोन्ही कारकीर्दी शेजारी ठेवून पाहाव्यात.

सर्वांत निर्दोष कोण, या वादात मात्र ही मोठी नावे बाजूला ठेवून एका लहानखुऱ्या माणसाकडे जावे लागते. मेक्सिकोचा रिकार्डो लोपेझ १०५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे साडेसत्तेचाळीस किलोंच्या गटात लढत असे. त्या गटाच्या लढती अमेरिकी दूरचित्रवाणी मुख्य लढतीआधी, प्रेक्षक आसने शोधत असताना दाखवत असे. ५१ विजय, एक बरोबरी, पराभव शून्य. त्याचे टोपणनावच ‘फिनितो’, म्हणजे नाजूक, रेखीव. इग्नासिओ ‘नाचो’ बेरिस्ताईन यांच्या हाताखाली घडलेल्या लोपेझचा जॅब, त्यामागून येणारा उजवा ठोसा आणि डाव्या हाताचा अपरकट यांत अनावश्यक असे काही सापडत नाही. पहिल्या फेरीतली मुठींची जागा आणि बाराव्या फेरीतली जागा यांत बोटभर अंतर पडत नसे. मार्च १९९८ मध्ये निकाराग्वाच्या रोसेंदो अल्वारेझने त्याला प्रथमच खाली पाडले. डोक्याला डोके लागून झालेल्या जखमेमुळे ती लढत अर्ध्यावर थांबवून बरोबरीत सोडवावी लागली. आठ महिन्यांनी लोपेझ पुन्हा त्याच्याशी लढला आणि जिंकला. तोही निसटताच विजय होता. निर्दोष माणसाच्या आयुष्यातही एक अल्वारेझ असतोच.

बेरिस्ताईन यांचाच दुसरा शिष्य हुआन मान्युएल मार्केझ. २००४ मध्ये मॅनी पॅकिआओने त्याला पहिल्या फेरीत तीनदा लोळवले. असा माणूस एरवी दुसऱ्या फेरीत घरी जातो. मार्केझने मागच्या पायाची जागा सुधारली, पॅकिआओच्या डाव्या ठोशाचे अंतर मोजले आणि लढत बरोबरीत सोडवली. नंतरच्या दोन लढती तो थोडक्यात हरला. ८ डिसेंबर २०१२ रोजी, चौथ्या लढतीत, सहाव्या फेरीची शेवटची सेकंदे उरली असताना पॅकिआओ पुढे झेपावला आणि मार्केझचा आखूड उजवा ठोसा त्याला वाटेतच भेटला. नशिबाचा ठोसा असे त्याला म्हणणारे पुष्कळ भेटतात. आठ वर्षे आणि चाळीसहून अधिक फेऱ्या ज्याची वाट पाहिली, त्याला नशीब म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

मग प्रश्न असा की, पाया इतका मोलाचा असेल तर तो दुर्मीळ का? एक उत्तर बाजाराचे आहे. क्यूबाचा गिलेर्मो रिगॉन्दो दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके घेऊन व्यावसायिक झाला. एप्रिल २०१३ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये नोनितो डोनेरला असे काही शिकवले की, तो धडा दाखवून वर्ग घेता यावा. त्याच्या प्रवर्तकांनी मात्र जाहीर नाराजी व्यक्त केली: अशा लढती विकायच्या कशा? ज्याचा ठोसा चुकतो आणि ज्याला ठोसा बसतो, असे दोघे समोरासमोर आले की तिकिटे खपतात. आज मोबाइलच्या पडद्यावर सेकंदांच्या चित्रफितींत नॉकआउट पाहणाऱ्या पिढीला परत आलेली मूठ दाखवणार कोण?

दुसरे उत्तर गुणांकनाचे, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये याच रॉय जोन्सवर अंतिम लढतीत उघड अन्याय झाला. त्यावर तोडगा म्हणून १९९२ पासून संगणकीय गुणपद्धती आली. पाच परीक्षकांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली तरच गुण. हेतू चांगला होता, परिणाम विचित्र झाला. बरगड्यांवरचा जोरकस ठोसा तिघांना एकाच वेळी दिसत नसे, तर लांबून डोक्याला टेकवलेली मूठ दिसत असे. साहजिकच दोन दशके हौशी मुष्टियोद्धे टेकवायला शिकले. जवळून लढणे, शरीरावर मारणे, मारून कोन बदलणे ही अंगे आक्रसली. २०१३ मध्ये पद्धत बदलली. आता फेरीगणिक १० गुण आणि त्यात ठोशांच्या दर्जाबरोबर तांत्रिक व डावपेचात्मक वरचष्म्याचाही विचार होतो. पुरुषांचे शिरस्त्राणही त्याच वेळी गेले. विजेंदरसिंगचे २००८ मधील कांस्य आणि मेरी कोमचे २०१२ मधील कांस्य जुन्या पद्धतीतले, लवलीना बोरगोहेनचे टोकियोतील कांस्य नव्या पद्धतीतले. पॅरिसमध्ये २०२४ साली भारताची पाटी कोरी राहिली.

क्यूबन पद्धतीचा पाया भारतात आणण्याचे श्रेय दीर्घकाळ येथे राहिलेल्या ब्लास इग्लेसियास फर्नांडिस यांना दिले जाते. २०१२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळवणारे ते पहिले परदेशी प्रशिक्षक. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये कोवळ्या वयाच्या मुलांना निवासी प्रशिक्षण मिळते, तेही याच कारणाने महत्त्वाचे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षे एकही सामना न खेळवता केवळ चालायला शिकवणे हे पालकांना, संघटनांना आणि पदकांच्या हिशेबावर चालणाऱ्या अनुदानाला परवडत नाही. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोला त्याच्या वडिलांनी काही वर्षे मुष्टियुद्ध बाजूला ठेवून लोकनृत्याच्या वर्गाला धाडले होते. आपल्याकडे कोणत्या जिल्हा संघटनेला हे पटेल, याची कल्पनाच करावी.

या पार्श्वभूमीवर लिव्हरपूलकडे पाहावे लागेल. जास्मिन पॅरिसमध्ये पहिल्याच लढतीत हरली होती. वर्षभराने तिने ५७ किलो गटाच्या अंतिम फेरीत पॅरिसची रौप्यपदक विजेती ज्युलिया शेरेमेता हिला ४-१ असे हरवले, ते आपल्या उंचीचा लाभ घेत आणि प्रतिस्पर्धी जेथे हवी तेथेच तिला ठेवत. शेरेमेता हात खाली ठेवून, अंगाला झोके देत लढणारी. तिच्यासमोर सरळ जॅब हेच उत्तर होते. मीनाक्षीने ४८ किलोत पॅरिसची कांस्यपदक विजेती नाझिम किझाईबाय हिच्यावर मात केली. नूपुर शेओरानला रौप्य आणि पूजा रानीला कांस्य मिळाले. आनंद जरूर मानावा, पण हिशेबही पाहावा. या चारांपैकी केवळ जास्मिनचा गट ऑलिम्पिकमध्ये आहे, आणि पुरुष संघाला एकही पदक मिळाले नाही.

मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने लॉस एंजेलिस २०२८ साठी मुष्टियुद्धाला कार्यक्रमात स्थान दिले, तेव्हा या खेळाचे भवितव्यच टांगणीला लागले होते. तेथे लढती तीन फेऱ्यांच्याच असतील. तीन फेऱ्या म्हणजे नऊ मिनिटे; चूक झाली तर ती सुधारायला मार्केझसारखी आठ वर्षे तर सोडाच, आठ मिनिटेही मिळणार नाहीत.

क्रॉफर्डने डिसेंबर २०२५ मध्ये अपराजित राहूनच निवृत्ती जाहीर केली. राहिला इनोउए. त्याचे प्रशिक्षण लहानपणापासून वडिलांकडे झाले, पण तो ज्या जिममधून घडला ती हिदेयुकी ओहाशी यांची. हे ओहाशी एकेकाळी १०५ पौंडांच्या गटाचे जगज्जेते होते. ऑक्टोबर १९९० मध्ये टोकियोत त्यांना पाचव्या फेरीत हरवून ज्याने ते अजिंक्यपद मेक्सिकोला नेले, त्या तरुणाचे नाव रिकार्डो लोपेझ.